आगरी ही ‘बिघडलेली मराठी’ नव्हे




गेल्या अंकातील पत्रलेखकांनी बोली विनोदापुरती ठीक, गंभीर लेखनाला प्रमाणभाषाच हवी, असे लिहिले आहे. मी नावड्याचा, आगरी घरातला. हे मला मान्य नाही.

आमच्याकडे ‘गाडी’ची ‘गारी’ होते, ‘पाणी’ ‘पानी’ होते, ‘फळ’ ‘फल’ होते. ‘ड’चा ‘र’, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ हे नियमाने होते, चुकून नव्हे. भाषातज्ज्ञ ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905च्या खंडात मराठीच्या बोलींमध्ये आगरीची नोंद केली, ती उगाच नाही. तरी शाळेत ‘गारी’ म्हणालो तेव्हा वर्ग हसला होता. पुढे कित्येक दिवस मी तोंड उघडले नाही.

आणि गंभीर म्हणजे काय? लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, तो आमचा विधीच आहे. खारबांध, उघाडी (बांधातले पाण्याचे दार), खाजण, निवट्या (खाडीतला मासा) हे शब्द खाडीच्या कामातून आले. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, शेती गेली, मिठागरे गेली. उघाडी कधी उघडायची हे ज्याला कळत होते, त्याचा नातू आज ती पाहायला कुठे जाईल? शब्द तरी लिहून ठेवायला नकोत का?

बहिणाबाईंच्या कविता 1952 साली छापल्या गेल्या, त्या त्यांच्याच बोलीत. कुणी त्यांना विनोदी म्हटल्याचे मी ऐकले नाही.

पत्रलेखकांनी एकदा आमच्याकडच्या हळदीला यावे. धवले पहाटेपर्यंत चालतात.

आपला,
एक वाचक, नावडे