पूररेषा तुमच्या नकाशात होती, आमच्या कानावर का घातली नाहीत?

गोदाकाठी आम्हाला घर विकणाऱ्या बिल्डरसाहेबांना,



तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला चव्हाट्यावर आणायचं नाही आणि असं वागणारे तुम्ही एकटेही नाही. पण मनात साचलेलं बोलल्याशिवाय आता राहवत नाही. आमच्या घराला पुराचा धोका किती, हे तुम्हाला ठाऊक होतं. आम्हाला तुम्ही ते कळू दिलं नाहीत.

२०१७ साली बुकिंगच्या वेळी माझ्या वडिलांनी तुम्हाला सरळ विचारलं होतं, "साहेब, इथे पुराचं पाणी येतं का?" वडील पंचवटीत वाढलेले. १९६९ चा पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढलं, यावरून पूर मोजणाऱ्या पिढीतले ते. तुम्ही म्हणालात, "काका, असा पूर पंचवीस वर्षांतून एकदा. गेल्या वर्षीच येऊन गेला, आता निर्धास्त राहा." वडिलांनी त्या शब्दावर निवृत्तीचे पैसे घातले, मी वीस वर्षांचं कर्ज काढलं.

४ ऑगस्ट २०१९ च्या रविवारी मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं. आमच्याकडे ते आधी नदीतून आलंच नाही. नदी फुगल्यामुळे पावसाळी गटाराचं पाणी उलटं फिरलं आणि पार्किंगमधल्या चेंबरचं झाकण उचलून वर आलं. थोड्याच वेळात दुचाक्यांची नुसती हँडलं दिसू लागली. मीटरच्या पेट्या, लिफ्टचा खड्डा, पाण्याची जमिनीखालची टाकी, सगळ्यात गढूळ पाणी. गुडघे दुखणाऱ्या वडिलांना अंधाऱ्या जिन्यावरून हाताला धरून वर नेलं. पाणी ओसरल्यावर पार्किंगच्या खांबांवर गाळाची रेघ राहिली. ती माझ्या छातीपर्यंत होती.

मग मी कागद बाहेर काढले. मंजूर नकाशात निळी आणि लाल पूररेषा व्यवस्थित आखलेली होती आणि आमची इमारत त्या दोहोंच्या मध्ये होती. तुमच्या रंगीत माहितीपुस्तिकेत नदी होती, झाडं होती, बाल्कनीतून दिसणारा सूर्यास्त होता. रेषा तेवढ्या नव्हत्या.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या घरांना मनाई असते. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार तिथलं बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच घ्यावं लागतं. पण २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ एक पूर गेला की पुढची २४ वर्षं सुट्टी, असा नाही. दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता असते आणि ती दर पावसाळ्यात नव्याने उभी राहते. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात पन्नासहून जास्त भरते. नाशिकने २००८, २०१६ आणि २०१९ असे अकरा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले. हे गणित तुमच्या इंजिनिअरला येत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

"वर गंगापूर धरण आहे, ते पाणी अडवतं," असंही तुम्ही म्हणाला होतात. ऑगस्टमध्ये धरण भरत आलं की आलेलं पाणी खाली सोडावंच लागतं. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर. त्यात धरणाखाली पडलेल्या पावसाचं आणि शहरातल्या नाल्यांचं पाणी मिसळतं, म्हणून शहरातल्या होळकर पुलाखालच्या प्रवाहाचा आकडा धरणाच्या विसर्गापेक्षा मोठा असू शकतो.

नुकसानीचे पैसे कसेबसे भरून निघाले. पण आजही मोबाईलवर विसर्गाचा मेसेज आला की वडील रात्रभर जागे असतात. तुम्ही खरं सांगितलं असतं, तर कदाचित आम्ही तरीही हे घर घेतलं असतं. वरचा मजला मागितला असता, मीटर वर बसवून घेतले असते, पुराचा विमा उतरवला असता. तो निर्णय आमचा होता. तुम्ही तो आमच्या हातून काढून घेतलात, हे माझं खरं दुखणं आहे.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणी. पुढच्या प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर दोन्ही पूररेषा छापा आणि इमारत त्यांच्या कुठे येते, हे मराठीत लिहा.

आणि नाशिककरांनो, नदी-नाल्याकाठी घर घेताना टोकन देण्याआधी मंजूर नकाशा मागा, त्यावरच्या पूररेषा बघा, जोत्याची उंची विचारा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद स्वतः वाचा. शेजारच्या जुन्या रहिवाशांना २००८ आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं, ते विचारा. आधीच राहत असाल, तर घराच्या विम्यात पूर धरला आहे का, ते आजच तपासा. उत्तर तोंडी मिळालं तर ते लेखी मागा, आणि लेखी मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

आपला,
गोदाकाठचा एक सदनिकाधारक, नाशिक