प्रत्युत्पन्नमति

हितोपदेशांतील तीन मत्स्यांची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. संकट येण्यापूर्वींच सरोवर सोडणारा अनागतविधाता, सांपडल्यावर मेल्याचें सोंग घेऊन सुटणारा प्रत्युत्पन्नमति, आणि दैवावर भार टाकून प्राणास मुकणारा यद्भविष्य. ऐन वेळीं सुचणारी बुद्धि ही ईश्वरदत्त देणगी होय, असें आम्ही वर्गांत सांगत असूं. आज त्या विधानांत दुरुस्ती करणें आम्हांस अवश्य वाटतें.

9 जानेवारी 2021 रोजीं मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागली. आमचा गोंदिया 1999 पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. तेथील दुःख आम्हांस परकें नाहीं. कक्षांत 17 अर्भकें होतीं. 7 बाहेर काढतां आलीं, 10 दगावलीं. अशा धुरांत शिरणाऱ्यास विचार करण्यास अवकाश तो किती?

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनीं 1980 नंतरच्या दशकांत अग्निशामक दलांच्या अनुभवी नायकांस हाच प्रश्न विचारला. हे लोक निदान दोन मार्ग तरी ताडून पाहत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु बहुतेक प्रसंगीं तुलना मुळींच नव्हती! ज्वाळेचें रूप पाहतांच पूर्वीं पाहिलेल्या आगींची ओळख पटे. सुचलेला पहिलाच उपाय मनांत चालवून पाहिला जाई, आणि तो जुळला कीं हात कामास लागत. बहुतेक निर्णय मिनिटाच्या आंत होत. तात्पर्य, प्रत्युत्पन्नमति हा अनागतविधात्याचाच शिष्य होय.

गेल्या वर्षीं आमच्या स्वयंपाकघरांत गॅसचा वास सुटला. आम्ही वडील मंडळी ‘काय झालें?’ असें एकमेकांस विचारीत उभे राहिलों. धाकट्या सूनबाईंनीं मात्र निमूटपणें रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मुलांस अंगणांत काढलें. मागून कौतुक केलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “मामंजी, रोज रात्रीं तो मीच बंद करतें.”

ज्याची पूर्वीं ओळखच नाहीं, त्याची ऐन वेळीं ओळख पटणार कशी? रात्रीं आग लागल्यास वृद्ध मातोश्रींस कोणीं उचलावयाचें, कोणत्या दारानें न्यावयाचें, हें आमच्या घरांत कधींच ठरलें नव्हतें. गेल्या रविवारीं तें ठरविलें, आणि थोरल्या नातवानें त्यांस एकदां अंगणापर्यंत उचलून नेऊनही पाहिलें. मातोश्री पोट धरधरून हंसल्या. वाचकांनींही आपापल्या घरांतील वृद्धांस एकदां असें हंसूं द्यावें, एवढीच विनंती.