हिंगोलीला काय चाललंय, बॉस?

पगाराच्या स्लिपवरचा टॅक्सचा आकडा बघून उसासा टाकायचा, हा आपला दर महिन्याचा कार्यक्रम. पण त्यातला चिमूटभर पैसा कुठे चाललाय, माहितीय? हिंगोलीला! औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ नावाची वेधशाळा उभारायची आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काम काय? तर गुरुत्वीय लहरी पकडायच्या.

झालं! ‘गुरुत्वीय’ म्हटलं की आपण गपचूप डबा उघडतो. ‘आपण कॉमर्सवाले, बॉस!’ आणि समजावणारेही हमखास तीच चादर काढतात. ताणलेली चादर, मधे जड गोळा, चादरीला खड्डा, हेच गुरुत्वाकर्षण. चित्र छान आहे. पण त्यातून ‘असं असतं’ एवढंच कळतं. ‘हे यांना कळलं कसं?’ ते राहूनच जातं. माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. आणि तिच्यासाठी बारावीचं गणितही लागत नाही.

बघा हं. अमेरिकेत लायगोच्या दोन वेधशाळा आहेत, एकमेकींपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर. प्रत्येकीला काटकोनात दोन हात, चार-चार किलोमीटरचे. एक लेझर किरण दुभागून दोन्ही हातांत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि जुळवून बघायचा. लहर आली की एक हात किंचित लांबतो, दुसरा किंचित आखडतो आणि जुळणी बिघडते. किंचित म्हणजे किती? अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या आकाराहूनही शेकडो पटींनी कमी!

मग शेजारून ट्रक गेला तर? सॉलिड प्रश्न! म्हणून तर वेधशाळा दोन. ट्रक एकीच्याच शेजारून जाणार ना? १४ सप्टेंबर २०१५ला मात्र दोन्हीकडे एकसारखाच सिग्नल आला, सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकाने. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या लहरीला दोघींमधलं अंतर कापायला जास्तीत जास्त दहा मिलिसेकंद लागतात. हिशेब बसला! सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती, त्याची ही खबर. २०१७चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं. असे सिग्नल गोंगाटातून हुडकायचे कसे, यावर पुण्याच्या ‘आयुका’त संजीव धुरंधर नव्वदच्या दशकापासून काम करत होते. म्हणजे हिंगोली काही आकाशातून पडलेली नाही.

आता हिंगोलीच का हवी? वेळेतल्या त्या फरकावरूनच लहर कुठून आली, याचा अंदाज बांधतात. दोनच कान असले तर आकाशाचा भलामोठा पट्टा शोधत बसावा लागतो. इटली आणि जपानमध्येही असे कान आहेत. त्यांच्यात मराठवाड्याचा एक जोडला गेला, की नेमकी जागा सापडणं सोपं होईल.

बघा, एकही समीकरण न लिहिता आपण इथवर आलो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी चादर अंथरायला लागलं, की मान डोलवत बसू नका. ‘पण हे कळलं कसं?’ असं बिनधास्त विचारा. पैसे आपलेच आहेत, यार!