सायकलवाल्याची सावली कोणी तोडली?

ऐन वैशाखात खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावातून कॅरियरवर दळणाचा डबा बांधून निघालेला सायकलस्वार पाहिला, की आपल्या समाजातल्या दोन प्रकारच्या माणसांना त्याच्याविषयी काही बोलावेसे वाटते. पहिल्याला त्याची कीव येते. "बिचाऱ्याला अजून गाडी घेता आली नाही," असे तो म्हणतो. दुसऱ्याला त्याचे कौतुक वाटते. "पाहा, पर्यावरणाची सेवा कशी मुकाट्याने करतो आहे!" असे तो म्हणतो. या दोघांशीही माझे भांडण आहे. त्या सायकलस्वाराला कीवही नको आहे आणि कौतुकही नको आहे. त्याला थोडी सावली, तांब्याभर पाणी आणि रस्त्याची दोन हात कड हवी आहे. आणि नेमके तेवढेच द्यायला हे दोघेही तयार नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी गिरणीत वीज नव्हती म्हणून दळणाला उशीर झाला. पुढे रेशनच्या दुकानातली रांग, मग आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मग पाण्याच्या पंपाचा बिघडलेला एक लहानसा भाग. चार कामे उरकेपर्यंत बारा वाजून गेले. परतीच्या वाटेवर सायकलीची सीट तव्यासारखी तापली होती, डांबर मऊ पडले होते आणि मागून येणारे कंटेनर असा भोंगा वाजवत होते, की रस्ता जणू त्यांनी खरेदीच केला आहे. पूर्वी याच रस्त्याला चिंचेची आणि आंब्याची झाडे होती. एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत जात माणूस घरी पोहोचत असे. रुंदीकरणात ती झाडे गेली. रस्ता रुंद झाला खरा, पण सायकलवाल्याच्या वाट्याला आली ती फक्त कडेची खडी.

पाणी मागण्यासाठी मी ओळखीच्या एका घरी थांबलो. माणसे आपल्याच धर्मग्रामातली आणि मनाने प्रेमळ. त्यांनी फ्रीजमधले पाणी दिले, पंखा लावला आणि मग म्हणाले, "मुलगा आखातात असताना तुम्ही अजून सायकलवर? लोक काय म्हणतील?" पाणी गोड लागले, प्रश्न मात्र घशात अडकला.

तेव्हा आधी या 'लोक काय म्हणतील'चा समाचार घेऊ. २०११ च्या जनगणनेत भारतातल्या शंभरांपैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती, २१ कुटुंबांकडे स्कूटर अथवा मोटारसायकल होती आणि मोटार जेमतेम ५ कुटुंबांकडे. म्हणजे हे जे 'लोक' काही म्हणणार आहेत, त्यांतल्या पुष्कळांच्या अंगणात सायकलच उभी होती. मग लाज कोणाची आणि कोणापुढे? बरे, आपण तर अशा प्रभूचे अनुयायी, ज्याने यरुशलेमेत प्रवेश करताना घोडा मागवला नाही, गाढवाचे शिंगरू मागवले. दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या घेऊन आपण त्या प्रवेशाचा सोहळा करतो आणि मिस्सा आटोपली, की फर्लांगभर अंतरावरच्या घरी जाण्यासाठी गाडीला किक मारतो!

पवित्र सभेला सायकलीची लाज कधी वाटलेली नाही. इटलीत कोमो सरोवराजवळच्या घिसाल्लो टेकडीवर मरियामातेचे एक लहानसे मंदिर आहे. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली तेथल्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. त्याच इटलीत जिनो बार्ताली नावाचा एक श्रद्धाळू कॅथलिक सायकलपटू होऊन गेला. फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत त्याने १९३८ आणि १९४८ साली जिंकली. पण त्याचे मोठेपण या दोन विजयांच्या मधल्या काळात आहे. १९४३-४४ मध्ये यहुद्यांना वाचवण्यासाठी तयार केलेली बनावट ओळखपत्रे सायकलीच्या नळीत दडवून तो सरावाच्या मिषाने गावोगाव पोहोचवीत असे. त्याने याचा कधी गाजावाजा केला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ साली, इस्राएलने त्याचा 'राष्ट्रांमधील नीतिमान' म्हणून गौरव केला. दोन चाकांवरून काय वाहून नेता येते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि हे वाहन बायकांना शोभत नाही, असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्हा आठवावा. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे साक्षरता चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी आणणे, बाजार करणे, मुलाला शाळेत सोडणे यांसाठी घरातल्या पुरुषाची वाट पाहण्याची गरज त्यांना उरली नाही. आपल्याकडेही वाडीवरून शाळेत येणाऱ्या मुलीच्या हाती सायकल पडली, तर तिचे शिक्षण अंतरापायी थांबत नाही. तिच्या सायकलीला शोभेच्या तराजूत घालणारे आपण कोण?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. "अहो, या उन्हात सायकल म्हणजे आत्मघात!" हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. खारघरही याच जिल्ह्यातले. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथे उघड्या मैदानावरच्या समारंभाला आलेल्या श्रोत्यांपैकी अनेक जण उष्माघाताने दगावले. ती माणसे काही सायकल चालवीत नव्हती. ती उन्हात बसली होती. शरीर स्वतःला थंड ठेवते ते घाम वाळवून. हवेत दमटपणा वाढला, की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. चालत्या सायकलीवर निदान वारा लागतो. थांबले, की तोही जातो. म्हणून वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी, दुखणेकऱ्यांनी भर दुपारी बाहेर पडू नये, आणि धडधाकट माणसानेही शक्य तर कामे दहाच्या आत उरकावीत, हे मला मान्य आहे. माझी त्या दिवशीची दुपार शहाणपणाची नव्हती, हेही मान्य.

पण 'शक्य तर' या दोन शब्दांपाशी थोडे थांबा. कारखान्याची पाळी दुपारी सुटते, तेव्हा कामगाराने काय करावे? सरकारी दवाखान्यात दुपारी नंबर लागला, तर कातकरी वाडीवरच्या बापाने मुलाला कसे न्यावे? ज्यांना निवड आहे, ते घरात पंख्याखाली बसतात आणि ज्यांना निवड नाही, त्यांना शहाणपण शिकवतात. ऊन घातक आहे, म्हणून सायकल सोडा, असा निष्कर्ष यातून निघत नाही. ऊन घातक आहे, म्हणून झाडे लावा आणि असलेली राखा, असा निघतो. शिवाय सायकल सोडून आपण जी गाडी घेतो, तिचा धूर आणि तिची धग त्याच रस्त्यावर, उरलेल्या सायकलवाल्याच्या तोंडावर जाते.

याच तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. २००२ साली तो पूर्ण झाला. त्यावर सायकलीला मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. पण वेगवानांसाठी वेगळा मार्ग बांधणाऱ्या समाजाने संथ चालणाऱ्यांसाठी काय बांधले? उरलेल्या रस्त्यांवरही अवजड वाहनांचेच राज्य आहे. न्याय म्हणायचा तर एकाला सहा पदर मिळाले, तेव्हा दुसऱ्याला निदान एक पट्टा मिळायला हवा होता.

हे सारे सरकारवर ढकलून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे विश्वपत्र २०१५ साली आले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐकला पाहिजे, हे त्याचे सार. आपण त्यावर प्रवचने ऐकली, भित्तिपत्रके रंगवली. आणि माझ्या पाहण्यातल्या एका देवळाच्या आवारात गाड्या लावण्यासाठी जुने झाड तोडले गेले! सभेत कोणी हूं की चूं केले नाही. वसईच्या हिरवाईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले, त्याचा आपण अभिमान सांगतो. तो अभिमान एका झाडापुरताही उपयोगी पडत नसेल, तर तो काय कामाचा?

म्हणून माझे मागणे थोडके आहे. प्रत्येक देवळाच्या फाटकाशी उन्हाळाभर एक माठ भरलेला असावा. तो कोणाचा, कोणासाठी, हे कोणी विचारू नये. आवारातली सर्वांत गार सावली सायकलींसाठी राखून ठेवावी. मोटारी उन्हात उभ्या राहिल्याने त्यांना उष्माघात होत नाही. प्रायश्चित्तकाळात ज्या घराला काही सोडायचे असेल, त्याने मैलभराच्या आतल्या कामासाठी गाडी सोडून पाहावी. रस्त्याकडेचे झाड तोडण्याची गोष्ट निघेल, तेव्हा ग्रामसभेत आपल्या धर्मग्रामातला एक तरी माणूस उठून बोलावा. आणि दारात घामाघूम सायकलवाला आला, तर त्याला पाणी द्यावे, प्रश्न नंतर विचारावेत. न विचारले तर अधिक उत्तम.

शोमरोनातल्या विहिरीपाशी प्रभू येशू वाटचालीने थकून बसला, ती वेळही भर दुपारची होती. त्याने प्रवचनाने सुरुवात केली नाही. आधी पाणी मागितले. तो आज आपल्या रस्त्याने आला, तर टेकायला सावली कोठे शोधील?