जुना लॅपटॉप : विकायची वस्तू, सांभाळायची ठेव

पेढीवरच्या जुन्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी घरातील कर्ता माणूस त्या एकदा चाळून पाहत असे. कोणाचे किती येणे, कोणाला किती देणे, कोणाच्या घरी कोणत्या वर्षी ओढ होती, हे सारे त्या पानांत असे. ती पाने पुड्या बांधायला जाऊ नयेत, एवढा विवेक व्यापारी घराण्यांत उपजत होता. आज चोपडीची जागा लॅपटॉपने घेतली आहे. तो विकताना मात्र किंमत किती येईल एवढाच विचार बहुधा होतो.

हा विचार आता निकडीचा झाला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अंगाने धडधाकट असलेली अनेक यंत्रे दुकानांतून आणि घरांतून बाजूला होत आहेत.

रत्नागिरीच्या रामआळीतील एखाद्या पेढीचा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणावा. त्यात हापूसच्या हंगामापूर्वी बागायतदारांना दिलेल्या आगाऊ रकमांचा हिशेब असतो, गिऱ्हाइकांच्या पॅन आणि आधार कार्डांची छायाचित्रे असतात, ब्राउझरने लक्षात ठेवलेला बँकेचा पासवर्ड असतो. शिवाय सायंकाळी तेच यंत्र घरी येते. मग त्यात मुलांचे दाखले, वडिलांचे वैद्यकीय अहवाल आणि स्थळांसाठी आलेली मुलींची परिचयपत्रे छायाचित्रांसह साठतात. यांतील बरेच काही मालकाचे नसतेच. इतरांनी विश्वासाने दिलेले असते.

फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला की ती नाहीशी झाली, हा समज घातक आहे. हार्ड डिस्कवर अशा वेळी बहुधा केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते. मजकूर तसाच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. अमेरिकेतील एमआयटीच्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या विद्यार्थ्यांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू स्थितीतील १२९ डिस्कांपैकी नीट पुसलेल्या केवळ १२ निघाल्या. उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय नोंदी आणि खासगी पत्रे सापडली. विकणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसावा. निष्काळजीपणा तेवढा पुरेसा ठरला.

श्रावकाच्या दृष्टीने हा प्रश्न तांत्रिकतेवर थांबत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत दुसऱ्याचे गुपित उघड करणे आणि ठेवीचा अपहार, अर्थात न्यासापहार, यांचा समावेश आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली खोटे खपवणे, हे येतात. जुना लॅपटॉप विकताना या सर्वांशी गाठ पडते. परक्याची माहिती ही ठेव आहे आणि यंत्राचे दोष लपवणे हा प्रतिरूपक व्यवहारच आहे.

पहिले काम प्रत काढण्याचे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि नव्या यंत्रावर तो उघडून एखाद्या वर्षाचा ताळेबंद जुळवून पाहावा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप मानू नये. श्रीलिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली मराठी पत्रे त्या फॉन्टवाचून निरर्थक अक्षरांसारखी दिसतात. महत्त्वाच्या पत्रांची पीडीएफ करून ठेवणे बरे.

दुसरे काम धागे सोडवण्याचे. टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून 'सरेंडर' करावा. यंत्र पुसल्यावर ते करता येत नाही. फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तो लॅपटॉप काढावा. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यांतून बाहेर पडावे, बँकेचा पासवर्ड बदलावा. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन यूएसबीच्या खाचेतच राहून लॅपटॉपबरोबर गेल्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. अ‍ॅपलचा लॅपटॉप असल्यास आयक्लाउडमधून साइन आउट करावे, अन्यथा यंत्र घेणाऱ्याच्या हाती कुलूपबंद पडू शकते.

तिसरे काम पुसण्याचे. विंडोजच्या सेटिंग्जमधील रिकव्हरीत 'रीसेट धिस पीसी' निवडून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्यावे. येथेच बहुतेक जण थांबतात. पुढे 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करावा लागतो, तेव्हाच माहिती परत मिळवणे दुरापास्त होते. या कामाला काही तास लागतात. कोकणात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि जुन्या बॅटरीचा भरवसा नसतो. म्हणून चार्जर जोडून, शक्यतो इन्व्हर्टरवर, हे काम करावे.

पुसल्यानंतर काही वेळा वायफाय चालत नाही, आवाज येत नाही. घाबरण्याचे कारण नसते; बहुधा ड्रायव्हर बसलेला नसतो. यंत्राच्या तळाशी असलेला सर्व्हिस क्रमांक आधीच टिपून कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावेत. मूळ विंडोजचा डिजिटल परवाना यंत्राच्या मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा घातल्यास इंटरनेट जोडताच तो सहसा आपोआप सुरू होतो. 'क्रॅक' केलेली विंडोज किंवा ऑफिस घालून किंमत वाढवणे ही मात्र चोरीच होय. तिच्याबरोबर व्हायरसही येण्याची भीती असते. यंत्र केवळ मंद असेल तर हार्ड डिस्क बदलून एसएसडी घातल्याने मोठा फरक पडतो. मात्र काढलेली जुनी डिस्क दुरुस्तीच्या दुकानात सोडू नये. सारी चोपडी तिच्यातच असते.

चौथे काम सांगण्याचे. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत यूएसबीच्या खाचा गंजतात, बिजागऱ्या सैल होतात. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता दोन्ही दिसतात. तो अहवाल, खरेदीचे बिल, दोषांची यादी आणि विंडोज ११ चालेल की नाही हे घेणाऱ्यासमोर ठेवावे. लॅपटॉप पेढीच्या नावे असून त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले असल्यास विक्री हा करपात्र व्यवहार ठरतो. कलम १८(६) प्रमाणे, घेतलेल्या क्रेडिटमधून वापराच्या काळाची घट वजा जाता उरणारी रक्कम आणि विक्रीमूल्यावरील कर, यांपैकी जी जास्त असेल ती भरावी लागते. कर सल्लागाराला विचारूनच बिल करावे.

फुगलेल्या बॅटरीचे यंत्र विकूही नये आणि कपाटात ठेवूही नये. त्यातून आग लागू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जावे लागते. कचराकुंडीशेजारी टाकलेली बॅटरी जळते तेव्हा तिचा धूर कोणा जीवाच्या श्वासात जातो, हे अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घराने विसरू नये.

जुन्या लॅपटॉपला पाच-दहा हजार रुपये येतील. एक दुपार खर्चून तो स्वच्छ केला तर त्या रकमेत फारशी भर पडणार नाही. पण हंगामाआधी उचल घेणारा बागायतदार आणि मुलीचे परिचयपत्र धाडणारे आईवडील आपले कागद ज्या भरवशाने पेढीच्या हाती देतात, तो भरवसा त्या दुपारीच राखला जातो.