पडणारा कोण आणि हसणारा कोण?

नाशिकच्या सीबीएसजवळ मिसळीच्या एका हॉटेलात आम्ही दुपारी बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीवर 'टॉप टेन' चालू होते. मोबाइलवर फिरून फिरून शिळ्या झालेल्या दहा गमतीदार चित्रफिती, खालून वर क्रमांक लावलेल्या, आणि मध्ये मध्ये ओरडणारा निवेदक. दहाव्या क्रमांकाला वरातीत घोड्यावरून घसरलेला नवरदेव होता. नवव्याला एक मांजर. सातव्या क्रमांकाला आला एक हमाल. पाठीवर कांद्याची गोणी घेऊन तो फळीवरून ट्रकमध्ये चढत होता. फळी सरकली, माणूस खाली, गोणी त्याच्या अंगावर. ही फीत तीनदा दाखवली, एकदा सावकाश आणि एकदा उलटी. पाठीमागे फुगा फुटल्याचा आवाज, त्यावर पेटीतले हसू. हॉटेलात सगळे हसले. टेबल पुसणारा पोरगा हसला. आमच्याही ओठांवर हसू आले, ते लपवण्यात अर्थ नाही.

तो हमाल उठला की नाही, हे मात्र दाखवले नाही. पन्नास किलोची गोणी अंगावर पडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, कंबर राहिली की गेली, दवाखान्याचे पैसे कुणी दिले, ती बाजार समिती कोणत्या गावची, यातले काहीच नाही. लगेच सहावा क्रमांक. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो याच माणसासाठी. त्या कायद्यावर या वाहिन्यांनी कधी 'टॉप टेन' केला आहे काय?

कुणी म्हणेल, अहो, करमणूक आहे, त्यात कशाला चळवळ आणता? आम्ही हसण्याच्या विरोधात नाही. चळवळीला हसणे कुणी शिकवायला नको. पण कोण कुणाला हसतो, आणि हसवण्याचे पैसे कुणाच्या खिशात जातात, हे विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे.

हा प्रकार आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९८९ साली घरगुती गमतीच्या चित्रफितींचा 'अमेरिकाज फनिएस्ट होम व्हिडिओज' हा कार्यक्रम आला. त्याआधी जपानच्या एका कार्यक्रमात ही कल्पना वापरली गेली होती. अमेरिकेतला बाप स्वतःच पडायचा, त्याची बायको चित्रण करायची आणि फीत ते स्वतः पाठवायचे. पहिला क्रमांक आला की दहा हजार डॉलर्स त्याच घरात जायचे. पुढे इंटरनेट आले आणि ब्रिटनच्या चॅनेल फोरवर २००८ साली 'रूड ट्यूब' सुरू झाला. त्यात इंटरनेटवरच्या फिती उलट्या क्रमाने मोजत दाखवत. इथे एक गोष्ट गुपचूप बदलली. फीत पाठवणारा घरचा माणूस गेला आणि फीत 'सापडू' लागली. जी सापडली तिला मालक नाही, आणि पडणाऱ्याची परवानगी विचारण्याचा प्रश्नच नाही. आपल्या वाहिन्यांनी उचलला तो हा दुसरा नमुना. स्वस्त आहे ना! बातमीदार नको, गाडी नको, भत्ता नको. कार्यालयातला एक मुलगा मोबाइलमधून दहा फिती काढतो की अर्धा तास भरला आणि त्यावर जाहिराती मिळाल्या.

पेटीतल्या हसण्याचेही असेच. चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात ते यंत्र बनवले. बटण दाबले की शंभर माणसे हसतात. कुठे हसायचे हे प्रेक्षकाने ठरवायचे नाही, ते आधीच ठरलेले असते. आपल्या समाजाला हे यंत्र नवीन नाही. गावगाड्यात कुणाच्या चालण्याला, बोलण्याला, कपड्याला, नावाला हसायचे, हे शेकडो वर्षे वरून ठरवून दिलेले होते. फरक इतकाच की तेव्हा विजेची गरज नव्हती.

या दहा फितींत कोण असतो ते एकदा वही घेऊन बसून पाहा. चुकीचे इंग्रजी बोलणारा खेड्यातला माणूस. दारू पिऊन रस्त्यात नाचणारा मजूर. डोक्यावर हंडा घेऊन चिखलात घसरणारी बाई. उघड्या चेंबरमध्ये पडणारा पादचारी. हा चेंबरमध्ये पडणारा माणूस फार लोकप्रिय आहे. पण रोज त्याच चेंबरमध्ये दोर बांधून उतरणारा माणूस या यादीत कधीच येत नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, त्यानंतरही गटारात गुदमरून माणसे मेली. चुकून पडला तो विनोद आणि पोटासाठी उतरून मेला तो चार ओळींची बातमी, हा हिशेब कोणत्या डोक्यातून येतो?

ते डोके कुणाचे, याची मोजदाद झालेली आहे. ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ साली देशातील वृत्तमाध्यमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निर्णय घेणाऱ्या १२१ वरिष्ठ जागा तपासल्या, त्यांपैकी १०६ जागांवर उच्चजातीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. शून्य. त्या खोलीत आपले कुणी नसताना सातव्या क्रमांकाच्या हमालाच्या बाजूने बोलणार कोण?

आता या हसण्याची दुसरी बाजू. जो मोबाइल गंमत फिरवतो, तोच मोबाइल मरणही फिरवतो. २०१८ च्या जून महिन्यात आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातील वाकडी येथे, विहिरीत पोहली म्हणून दोन दलित मुलांना नागडे करून मारले. मारणाऱ्यांच्याच बाजूने त्याचे चित्रण झाले आणि ते पसरवले गेले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा एक्क्याण्णव वर्षे झाली होती. त्या चित्रणात मुले अंग झाकायला धडपडत होती आणि ती फीतही कुणीतरी 'बघ रे' म्हणून दुसऱ्याला पाठवलीच असणार. त्याशिवाय ती इतकी पसरत नाही.

पुढच्याच महिन्यात १ जुलैला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्यांना जमावाने ठेचून मारले. बाजाराचा दिवस होता. पोटासाठी फिरणारी ती माणसे मुले पळवणारी असल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्या दिवसांत देशभर फिरलेली एक फीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती. जाहिरातीचा शेवट कापला, उरलेला तुकडा खरा म्हणून पसरवला, आणि तो पाहून माणसे काठ्या घेऊन धावली. राईनपाड्यात मार चालू असतानाही मोबाइल वर धरलेले होते. त्याच सुमारास आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावला लहान मुलासह फिरणाऱ्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. पोलिसांनी जिवावर उदार होऊन त्यांना सोडवले म्हणून ती वाचली. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घातली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना निर्देश दिले. पाच माणसे गेल्यावर ही मर्यादा आली.

'गमतीच्या फितींचा आणि राईनपाड्याचा काय संबंध?' असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगू, संबंध सवयीचा आहे. समोर माणूस पडतो आहे आणि आपला हात त्याला उचलायला न जाता खिशातल्या मोबाइलकडे जातो, ही सवय रोज संध्याकाळी अर्धा तास बक्षीस देऊन वाढवली जाते. त्या कार्यक्रमाच्या तळाशी पट्टी फिरत असते, 'तुमच्याकडेही असा व्हिडिओ आहे? आम्हांला पाठवा.'

अर्थात चित्रफीत हे आपलेही हत्यार झाले आहे, हे नाकारणे म्हणजे डोळे मिटणे होईल. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा कुणाच्या मोबाइलमध्ये काही नव्हते, आणि प्रस्थापित माध्यमांना जाग यायला जवळपास महिना लागला. आपली माणसे रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे कॅमेरे आले. २०१६ च्या जुलैत गुजरातमध्ये उना येथे मारणाऱ्यांनी मिरवण्यासाठी चित्रण केले. तीच फीत त्यांच्यावर उलटली आणि देशभर आंदोलन पेटले. म्हणून आम्ही मोबाइल फेकून द्या असे म्हणत नाही. साक्री तालुक्यातच पारधी समाजातील एका कुटुंबाचे साधे नाच टिकटॉकवर लाखो लोकांनी डोक्यावर घेतले होते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि ते दार बंद झाले. शहरी लोक त्या नाचाला फिदीफिदी हसत होते, तेही आम्ही ऐकले आहे. पण ते नाच त्या माणसांनी स्वतः, स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या अंगणात केले होते. कॅमेरा त्यांच्या हातात होता. सातव्या क्रमांकाच्या हमालाच्या हातात फक्त गोणी होती.

विनोदाच्या नावाखाली जात कशी बाहेर पडते, हे मोठ्या नावांनीही दाखवून दिले आहे. अभिनेता रणदीप हुडा याने मायावती यांच्यावर केलेल्या गलिच्छ विनोदाची २०१२ सालची फीत २०२१ साली वर आली. त्या फितीत समोरचे शिकलेसवरलेले प्रेक्षक मनमुराद हसत होते. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली चालणाऱ्या संस्थेने त्याला आपल्या दूतपदावरून काढले. हसणाऱ्यांना कुणी काही विचारले नाही. क्रिकेटपटू युवराजसिंग याने २०२० साली इंटरनेटवरील गप्पांत हसत हसत जातिवाचक शब्द वापरला, तेव्हाही तो शब्द त्याच्या लेखी गंमतच होता. पुढे गुन्हा दाखल झाला.

नाशिकला हे सारे सांगताना आम्हांला थोडा संकोच वाटतो, कारण या बाबतीत नाशिकचे घर भरलेले आहे. चित्रपटाचे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी पौराणिक चित्रपटासोबत दाखवण्यासाठी 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फीत बनवली होती. म्हणजे मोठ्या कार्यक्रमाला जोडलेली छोटी गंमत आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होती. त्यांचे स्मारक त्रिरश्मी बुद्ध लेण्यांच्या पायथ्याशी आहे आणि शेजारीच बुद्धविहार आहे. रविवारी तिथे येणारी पोरे दोन्ही ठिकाणी मोबाइलवर चित्रण करतात. पण या जिल्ह्याने दुसरी एक परंपराही दिली, तिचे स्मारक कुणी बांधले नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाड लोकांना उभे करत होते. त्याच काळात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव चालू होते. जलशाने तमाशाचे रूप घेतले, पण त्यातले देवादिकांचे स्तवन आणि शृंगार टाकून दिला. सोंगाड्या तोच, पण टर उडायची ती सावकाराची, भटजीची, पाणवठा अडवणाऱ्या पाटलाची. बैलगाड्या जोडून आलेली माणसे पोट धरून हसायची आणि हसता हसता मेलेली ढोरे ओढायचे सोडून द्यायची. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक याच मातीतून आले. त्याही आधी महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले, त्यात जोशीबुवाचे बिंग फोडायला विदूषकच उभा केला. आपला विनोद पडलेल्याला हसत नव्हता. तो पाडणाऱ्याच्या शेंडीला हात घालत होता.

आज आपल्या वस्त्यांतील पोरे काय करतात? आम्ही पाहतो तेव्हा तीच हमालाची फीत एका गटातून दुसऱ्या गटात ढकलत असतात. जयंतीच्या गटात सकाळी बाबासाहेबांचे चित्र आणि दुपारी गटारात पडलेला दारुडा! तो दारुडा बहुधा आपल्याच एखाद्या वस्तीतला असतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. जे मोबाइलवर जलसा उभा करू शकतील, ते दुसऱ्याच्या वाहिनीचे बिनपगारी हमाल झाले आहेत. रागावून नव्हे, घरच्या माणसाने सांगावे तसे आम्ही हे सांगतो आहोत.

कायद्याचे काय? केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत सहावा नियम कार्यक्रम संहितेचा आहे. वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांचे चित्रण हिणवून, तुच्छतेने करू नये, असे त्यातले एक कलम सांगते. त्या कलमात जात हा शब्द नाही. या देशात तुच्छता जातीवरून चालते हे नियम लिहिणाऱ्यांना माहीत नव्हते काय? तो शब्द तिथे घातला गेला पाहिजे, अशी आमची केंद्र सरकारकडे मागणी आहे. दुसरी मागणी अशी की, ज्याच्या पडण्यावर वाहिनी पैसे कमावते त्याची लेखी संमती असल्याशिवाय फीत दाखवता येऊ नये. अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. सर्वांसमक्ष जातीवरून अपमान करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि इंटरनेटवर सर्वांना दिसेल असा केलेला अपमानही त्यात येतो, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली दिला आहे.

तक्रारीची वाटही आता सोपी आहे. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. वाहिनीने ती पंधरा दिवसांत निकाली काढली पाहिजे. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे जायचे आणि त्यापुढे केंद्र सरकारकडे. वकील लागत नाही. कार्यक्रमाचे नाव, वाहिनी, तारीख, वेळ आणि काय दाखवले एवढे लिहिले की झाले. त्या दुपारी मिसळ खाताना आम्ही यातले काहीच टिपून घेतले नाही. पुन्हा त्या हॉटेलात गेलो, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाला वाहिनी आठवेना. टेबल पुसणाऱ्या पोराला सातवा क्रमांक मात्र आठवत होता. तो म्हणाला, "साहेब, आमचे वडीलपण मार्केटला तेच काम करतात."