तुम्ही बसा

बोईसरहून जर्मनीला येणाऱ्या बॅगेत काय चालतं आणि काय नाही, हे माझ्या सासूबाईंना आता तोंडपाठ आहे. तूप नाही. पेढे, खवा, दुधाचं काहीच नाही. मटणाचं लोणचं नाही. घोलवडचा चिकू नाही, कारण ताज्या फळाबरोबर त्याला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो, आणि दोन डझन चिकूंसाठी तो कोण काढत बसणार? नारळ, केळी अशी मोजकी फळं या दाखल्यातून सुटली आहेत. सुकी मासळी मात्र चालते, माणशी वीस किलोपर्यंत. २०२४ च्या एप्रिलमध्ये हे सगळं मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाल्या, "म्हणजे गोठ्यातलं चालत नाही आणि समुद्रातलं चालतं. मग अजून काय हवं?" त्यांचं माहेर सातपाटीचं.

मे महिन्यात फ्रँकफर्टला आई-बाबा उतरले तेव्हा बॅगेत सुके बोंबील, करंदी, सोडे, सहा नारळ आणि वसईची सुकेळी होती. प्रत्येक पुडी आधी प्लॅस्टिकमध्ये, मग वर्तमानपत्रात, मग बाबांच्या जुन्या लुंगीत गुंडाळलेली. विमानतळावरून तासाभराचा रेल्वेचा प्रवास झाला, कुणाला काही कळलं नाही. घरी येऊन लुंगीची गाठ सोडली मात्र, आमच्या दोन खोल्या सातपाटीच्या बंदरासारख्या भरून गेल्या. खिडकी उघडायला माझा हात गेला आणि तसाच मागे आला. तो वास घरात राहू दे, असं वाटलं.

आम्ही दोघं २०१७ पासून लेव्हरकूझेनला राहतो. कोलोनच्या शेजारी, ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेलं हे गाव औषधांचं आणि रसायनांचं. एकोणिसाव्या शतकात कार्ल लेव्हरकुस नावाच्या माणसाने इथे निळीचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून १९३० साली शहराचं नाव पडलं. पुढे बायर कंपनी इथेच वाढली आणि तिच्या नावाचा दिव्यांचा प्रचंड गोल आजही रात्री दुरून दिसतो. माझा नवरा बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सात वर्षं होता. तिथून निघाला तो थेट इथल्या प्रयोगशाळेत आला. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी वारा फिरला आणि हवेत किंचित उग्र वास आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, "बोईसरच्या चित्रालयला उतरल्यासारखं वाटतंय." परक्या देशात त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालेली आपुलकीची गोष्ट ती.

आई-बाबा पहिल्यांदा आले ते २०१९ साली. तेव्हा आम्ही जे केलं त्याची मला आजही खंत आहे. आयुष्यात एकदाच येताहेत, सगळं दाखवायला हवं, या भावनेने आम्ही त्यांना नुसतं पळवलं. पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, दहा दिवसांत सगळं. कोलोनच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत. बाबा त्या चढले, कारण पोराने तिकीट काढलं होतं. वर गेल्यावर जाळीला धरून बराच वेळ गप्प उभे राहिले. मला वाटलं, दृश्य बघताहेत. ते श्वास गोळा करत होते.

फिरणं नसेल त्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. "मी काय करू?" मी म्हणायचे, "काही नको, तुम्ही बसा." त्या बसायच्या. बाबांनी भांडी विसळायला घेतली की हा त्यांच्या हातातून काढून घ्यायचा. "बाबा, तुम्ही बसा." रविवारी इथे दुकानं बंद, रस्ते सामसूम. दोघं खिडकीपाशी दोन खुर्च्यांवर बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या बघत राहायचे. एकोणिसाव्या दिवशी बाबांनी हळूच विचारलं, "परतीची तारीख अलीकडे घेता येते का रे?" तब्येतीचं कारण त्यांनी दिलं. तब्येत ठणठणीत होती.

माझ्या ओळखीतल्या किती मराठी घरांत हेच चाललेलं मी पाहते. आई-वडिलांना बोलवायचं म्हणजे हमीपत्र, तीस हजार युरोंचा विमा, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे, एवढा खटाटोप करायचा. मग ते आले की त्यांना पाहुण्यासारखं सोफ्यावर बसवायचं. ज्या माणसांनी चाळीस वर्षं घर ओढलं, त्यांच्या हातातून आपण प्रेमाने सगळं काढून घेतो. मग ते दूरदेशी असल्यासारखे वागू लागतात आणि आपल्याला वाटतं, त्यांना हवा मानवली नाही.

म्हणून २०२४ ला मी ठरवलं होतं की या वेळी सहल नाही. दोघांच्या नावाने घराची एकेक किल्ली आधीच करून ठेवली. आल्या दिवशी ती हातात दिली. आईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

बाबांकडे कचरा आणि बाटल्या आल्या. इथे पिवळ्या डब्यात वेष्टणं, निळ्यात कागद, तपकिरी डब्यात भाजीचे देठ-सालं, काळ्यात उरलंसुरलं. बाबांची नोकरी तारापूरच्या अणुवीज केंद्रात झाली. प्रत्येक झडपेला क्रमांक आणि प्रत्येक कामाची नोंद, यात त्यांची हयात गेलेली. चार डब्यांचं शास्त्र त्यांनी एका दिवसात आत्मसात केलं आणि तिसऱ्या दिवशी माझी चूक काढली. पाण्याची प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. बाबा रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचे, खालच्या मजल्यावरच्या आजींच्या बाटल्याही न्यायचे, त्यांचे पैसे त्यांना मोजून द्यायचे. डायरीत हिशेब. जाताना शेवटची ओळ होती : एकूण ११९ बाटल्या, २९ युरो ७५ सेंट.

आईंकडे संध्याकाळचा स्वयंपाक आणि बाल्कनी आली. कुंडीत त्यांनी मेथी पेरली, धणे रगडून पेरले. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्या उजेडात कोथिंबीर अशी तरारली की बोईसरला फोटो गेले. ऱ्हाइनच्या बाजारातला ट्राउट त्यांना काही आवडला नाही. "गोड्या पाण्यातला मासा, चव कुठून येणार?" म्हणून त्यांनी त्याला चिंच-लसणात बुडवून ठेवला आणि मग घरातल्या सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला. आमच्या इमारतीत जिना झाडायच्या पाळ्या असतात. आमच्या पाळीला आईच झाडू घेऊन उतरल्या. खालच्या आजी दार उघडून बघत राहिल्या, मग आतून बादली घेऊन आल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. जुलैत आजींनी चेरीचा केक पाठवला आणि रिकामं ताट परत जाऊ नये म्हणून आईंनी नारळाच्या वड्या केल्या. पुढे ते ताट दर आठवड्याला जिना चढ-उतर करत होतं.

आता एका संध्याकाळबद्दल सांगते.

ऱ्हाइनच्या काठी नॉयलांड-पार्क नावाची मोठी बाग आहे. हिरवळ, गुलाबांचे ताटवे, मुलांच्या घसरगुंड्या. बाबांना तिथे फिरायला आवडायचं. मी सहज सांगितलं, "बाबा, या बागेच्या खाली कारखान्याचा कचरा आहे." ते थांबले. मग मला जेवढं माहीत होतं ते सांगितलं. १९२० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत इथे रासायनिक कचरा, राडारोडा, सगळं टाकत होते. त्यावर घरं झाली, शाळा झाली. पुढे जमीन विषारी असल्याचं निघालं, शेकडो लोकांना हलवावं लागलं. मग जमिनीत खोल भिंत घालून तो कचरा कोंडला, वरून झाकला, खालचं पाणी उपसून शुद्ध करायची सोय केली. २००५ साली त्यावर राज्याचं उद्यान-प्रदर्शन भरलं आणि ही बाग झाली. पाणी उपसणं संपलेलं नाही.

बाबा बाकावर बसले, खिशातून बाटल्यांच्या हिशेबाची डायरी काढली. "पैसे कोणी दिले? किती वर्षं लागली? लोक आधी बोलले की सरकार?" मी सांगेन ते लिहून घेत होते. लिहून झाल्यावर बराच वेळ नदीकडे बघत म्हणाले, "नवापूरच्या किनाऱ्याला आपल्या एमआयडीसीची सांडपाण्याची नळी समुद्रात सुटते. हिचा भाऊ म्हणतो, पापलेटसाठी आता किती आत जावं लागतं. सरकारने पापलेट राज्याचा मासा केला २०२३ ला, चांगलंच केलं. पण पापलेट राहायला नको?"

आई काही बोलल्या नाहीत. मांगेला या मच्छीमार समाजाची परिषद हरित लवादापर्यंत गेली ती याच दुखण्यासाठी, हे त्यांच्या माहेरात सगळ्यांना माहीत आहे. त्या बागेत बसून मला काय वाटलं ते स्पष्ट लिहिते. इथली माणसं आपल्यापेक्षा शहाणी आहेत म्हणून ही बाग झाली, असं मी मानत नाही. २७ जुलै २०२१ च्या सकाळी याच शहरात रासायनिक कचऱ्याच्या केंद्रात स्फोट झाला, सात माणसं गेली. खिडक्या बंद ठेवा, परसातली भाजी खाऊ नका, असे निरोप मोबाइलवर येत होते. भारतात तेव्हा दुपार होती. बातमी बघून बाबांचा फोन आला, "दाराच्या फटीला ओला टॉवेल लाव." बोईसरच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. एमआयडीसीत रात्री आवाज झाला की कोणत्या दिशेला आहे, हे आमच्या घरात झोपेतही ओळखतात. धोका दोन्हीकडे आहे. पण इथे तो कागदावर येतो, लोकांसमोर मांडला जातो आणि कुणाला तरी ते निस्तरावं लागतं. नवापूर, आलेवाडी, मुरब्याच्या माणसांना एवढं मिळावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे, आणि दूर राहते म्हणून ती करायचा माझा हक्क गेलेला नाही.

चौऱ्याऐंशी दिवस राहून ऑगस्टमध्ये दोघं गेली. नव्वद दिवसांची मुदत होती, पण बाबांना काठावर जायला आवडत नाही. किल्ल्या त्यांनी परत दिल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत.

डिसेंबरात आम्ही बोईसरला आलो. चिल्हार फाट्यावरून गाडी आत वळली तशी मी खिडकीची काच खाली केली. घरी पोहोचलो, आणि जे मी २०१९ ला केलं होतं ते माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. जाऊबाईंनी पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचं खोकं आणून ठेवलं होतं. आमच्यासाठी वेगळी खोली, नवी चादर. ताट घ्यायला उठले तर "वहिनी, तुम्ही बसा." केर काढायला गेले तर "धूळ सोसायची नाही तुम्हाला." नवऱ्याला भावजींनी बाजारात नेलं नाही, लोकलची गर्दी नको म्हणून पालघरला जायलाही गाडी सांगितली. डहाणू लोकल २०१३ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठवड्यात उगाचच विरारपर्यंत जाऊन आलेला माणूस तो. उमरोळीच्या पुढे दारात उभं राहून वारा खाणारा. दोन दिवस तो खुर्चीत मोबाइल बघत बसला.

या भागाने परदेशी जोडपी फार आधीपासून पाहिली आहेत. साठच्या दशकात तारापूरचं केंद्र बांधायला अमेरिकेचे इंजिनीयर आले. २८ ऑक्टोबर १९६९ ला त्या अणुभट्ट्यांची वीज रीतसर सुरू झाली. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, गोऱ्या बायका चिंचणीच्या बाजारात आल्या की लोक वाट सोडून उभे राहायचे. आदराने म्हणा की नवलाने म्हणा. मला त्या बायका आठवल्या. माझ्यासाठीही माझ्याच घरात वाट मोकळी सोडली जात होती, आणि मध्ये मी एकटी उभी होते.

तिसऱ्या दिवशी उकडहंडीचा बेत होता. मागच्या अंगणात विटांची चूल लागली, कोनफळं आणि रताळी धुऊन निथळत ठेवली होती, कच्ची केळी, वालपापडीचा ढीग. जाऊबाई, त्यांची बहीण, शेजारच्या काकू गोल करून बसल्या होत्या. मी दारात जाऊन उभी राहिले. जाऊबाई लगेच म्हणाल्या, "ताई, खुर्ची दे गं वहिनींना."

बाबा चुलीपाशी लाकडं लावत होते. त्यांनी मान वर केली. "खुर्ची कशाला? तिला पाट दे. आणि पापडी निवडायला दे. आम्हाला तिकडे गेल्या गेल्या जिना झाडायला लावलाय हिने."

आईंना इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. पदराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा होता, बोईसरच्या घराच्या चार आणि त्यांच्यात लेव्हरकूझेनची एक. जाऊबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला सरकून जागा केली आणि पापडीची अर्धी पाटी माझ्या पुढ्यात ओतली. "दोन्ही बाजूंचे दोर नीट काढा हां. मागच्या वेळी राहिले होते."

नवरा पिशवी घेऊन बाहेर पडत होता. आईंनी मागून आवाज दिला, "लसणाची पात विसरू नकोस. आणि लोकलनेच जा, गाडी नको."